दप्तर परक्याच्या गोदामात

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने विंडोज १० या संगणकप्रणालीची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. कापसाचा भाव, पीकविमा आणि सोसायटीचे कर्ज यांच्या चिंतेत असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात ही बातमी कोणाच्या फारशी ध्यानात राहिली नसेल, तर त्यात नवल नाही. परंतु तिचा परिणाम वणीपासून उमरखेडपर्यंत तालुक्याच्या प्रत्येक गावी पोहोचल्याखेरीज राहणार नाही. शेतमजूर संघटनेचे कार्यालय, विविध कार्यकारी सोसायटी, शाळा, वकिलाची खोली, सेवा केंद्र अशा ठिकाणची अनेक यंत्रे याच प्रणालीवर चालत आली. पुढची विंडोज ११ ही प्रणाली ठरावीक सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर असल्याखेरीज स्वीकारली जात नाही. त्यामुळे कसलाही बिघाड नसलेली यंत्रे एका परदेशी कंपनीच्या निर्णयाने निकालात निघत आहेत आणि ज्यांची ऐपत नाही त्यांनाही नव्या संगणकाचा विचार करावा लागत आहे.

कंपनीने जुन्या यंत्रांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ जाहीर केली. तीतील एक अट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. घरगुती वापरणाऱ्याला ही मुदतवाढ फुकट हवी असेल तर त्याने कंपनीचे खाते उघडावे आणि आपल्या यंत्राची मांडणी कंपनीच्या क्लाउडवर ठेवू द्यावी. ते नको असेल तर पैसे भरावेत, किंवा कंपनीच्या बक्षीस-योजनेतील गुण खर्च करावेत. युरोपातील ग्राहक संघटनांनी दबाव आणल्यावर तेथे क्लाउडवर ठेवण्याची अट मागे घेण्यात आली. भारतीय ग्राहकाच्या वाट्याला ती सवलत आली नाही. संघटित ग्राहक आणि असंघटित ग्राहक यांना एकाच कंपनीकडून कशी भिन्न वागणूक मिळते, याचा हा ताजा नमुना होय.

संगणक बदलताना कार्यकर्ता किंमत विचारतो, वेग विचारतो, हप्ता विचारतो. संघटनेचे दप्तर आज नेमके कोठे आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. गेल्या दहा-बारा वर्षांत सभासदांच्या याद्या, निवेदनांच्या स्थळप्रती, मोर्चांची छायाचित्रे, सातबाराचे उतारे आणि दाव्यांचे कागद हळूहळू कपाटातून निघून क्लाउडवर गेले. त्यासाठी कोणत्याही कार्यकारिणीने ठराव केला नव्हता. फोनने विचारले, कोणीतरी होकाराचे बटण दाबले, आणि दप्तराचा ताबा बदलला.

मेघ नव्हे, गोदाम

क्लाउड या शब्दाने एक मोहक भ्रम निर्माण केला आहे. आकाशात कोठेतरी, कोणाच्याही मालकीचे नसलेले असे काही असावे असे त्या शब्दावरून वाटते. वास्तविक ती दुसऱ्याच्या इमारतीतील, दुसऱ्याच्या मालकीची, दुसऱ्याच्या विजेवर चालणारी यंत्रे आहेत. कापूस उत्पादकाला ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज पडू नये. माल गोदामात ठेवला की हातात पावती राहते. माल आपलाच असतो, परंतु कुलूप, भाडे, वेळ आणि अटी गोदामवाल्याच्या असतात. फरक एवढाच की धान्याच्या व कापसाच्या गोदामावर काही कायदा आहे, वखार महामंडळ आहे. या नव्या गोदामाच्या अटी मात्र एकच पक्ष लिहितो आणि तोच त्या बदलतो.

अशा बदलांचे दाखले जुने नाहीत. गूगलने छायाचित्रांसाठी अमर्याद फुकट जागा देऊ केली होती. १ जून २०२१ पासून ती सवलत बंद झाली आणि नवी छायाचित्रे पत्रव्यवहार व फाइली यांच्यासह १५ जीबीच्या एकाच मर्यादेत मोजली जाऊ लागली. व्हॉट्सअ‍ॅपचे अँड्रॉइड फोनवरील बॅकअपही पूर्वी या मोजणीबाहेर होते, पुढे तेही तीत आले. दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती आतील मजकुरासह पुसून टाकण्याचे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आले. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर फुकट जागा मिळते ती अवघी ५ जीबी. आधी सवय लावावयाची, मग जागा आक्रसावयाची आणि शेवटी भाडे लावावयाचे, हा व्यापाराचा क्रम विदर्भातील शेतकऱ्याला बियाण्यांच्या बाबतीत पुरेपूर परिचित आहे.

नव्या यंत्राबरोबर हे अवलंबित्व वाढते. विंडोज ११ चा संगणक प्रथम सुरू करताना कंपनीचे खाते मागितले जाते. त्यानंतर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर पुष्कळदा वापरणाऱ्याच्या नकळत वनड्राइव्हकडे वळलेले असतात. पडद्यावर फाइल दिसते, तिचे नाव दिसते, परंतु ती यंत्राच्या डिस्कवर असतेच असे नाही. नावापुढे लहानसा ढग असेल तर ती फाइल गोदामात आहे आणि यंत्रावर आहे ती केवळ तिची पाटी. जुने यंत्र भंगारात देताना हजारो पाट्यांनाच दप्तर समजण्याची चूक येथेच होते.

कागदाचे मोल जिल्ह्याने मोजले आहे

हा विषय शहरी सुशिक्षितांच्या सोयी-गैरसोयीचा आहे, असे कोणी म्हणेल. यवतमाळ जिल्ह्याचा अनुभव त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

२०१७ च्या पावसाळ्यात व त्यानंतरच्या काही महिन्यांत कपाशीवर कीटकनाशकाची फवारणी करताना या जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जणांना प्राणास मुकावे लागले. मृतांत आणि बाधितांत रोजाने फवारणी करणारे भूमिहीन मजूर होते. प्रारंभी दोष त्यांच्याच माथी मारण्यात आला. त्यांनी हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधले नाही, औषधांचे मिश्रण केले, असे सांगण्यात आले. पुढे हे प्रकरण स्वित्झर्लंडपर्यंत गेले ते कशाच्या बळावर? पोलिसांच्या नोंदींत ९६ विषबाधांचा संबंध सिंजेंटा कंपनीच्या पोलो या कीटकनाशकाशी जोडलेला आढळला. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांखाली तक्रार दाखल झाली. जून २०२१ मध्ये एका बचावलेल्या शेतकऱ्याने आणि दोन मृतांच्या पत्नींनी बाझेल येथे दिवाणी दावा लावला. कंपनीने आपली जबाबदारी नाकारली. हे प्रकरण येथे आठवावयाचे ते एवढ्यासाठी की, मजुराचा शब्द ज्या जगात ऐकला जात नाही तेथे नोंद ऐकली जाते. पोलिसांची यादी, रुग्णालयाचा कागद, डब्याचे छायाचित्र, दुकानाची पावती हीच त्याची साक्ष होय.

वनहक्काचे दावे हे दुसरे उदाहरण. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतील कोलाम पोडांवर २००६ च्या कायद्याखाली दावा करणाऱ्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो. जुनी दंडाची पावती, वडीलधाऱ्यांचा जबाब, जागेची पाहणी, ग्रामसभेचा ठराव हे सारे कागद एकदाच जमतात. जबाब देणारा वृद्ध पुन्हा भेटेलच असे नाही. दावा फेटाळला गेला आणि पाच वर्षांनी अपिलाची वेळ आली, तेव्हा ते कागद ज्या कार्यकर्त्याच्या फोनवरून क्लाउडवर चढवले होते त्याने फोन बदललेला असतो, क्रमांक बदललेला असतो आणि परवलीचा शब्द कोणालाच आठवत नाही. सरकारी कार्यालयातील फाइल गहाळ झाली तर निदान माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो. अमेरिकेतील कंपनीच्या दारात तो अर्ज चालत नाही.

दप्तर ज्याच्या हाती

महाराष्ट्राच्या इतिहासात दप्तराच्या ताब्याचा प्रश्न पूर्वीही आला आहे. १८१८ नंतर पेशवे दप्तर इंग्रजांच्या कुलपात गेले. ज्यांचा तो इतिहास होता त्यांच्याच अभ्यासकांना ते दीर्घकाळ मोकळेपणाने पाहता आले नाही. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध झाले ते १९३० नंतर, म्हणजे शतक उलटून गेल्यावर. मधल्या काळात मराठ्यांचा इतिहास लिहिला गेला तो विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्यासारख्यांनी गावोगाव, वाड्यावाड्यांतून जमवलेल्या रुमालांच्या आधारे. १८९८ पासून त्यांनी प्रसिद्ध केलेले साधनांचे खंड शक्य झाले याचे कारण, मध्यवर्ती दप्तर परक्याच्या हाती गेले तरी घरोघरी प्रती उरल्या होत्या. कार्यकर्त्याने यातून घ्यावयाचा धडा साधा आहे. ज्याची दुसरी प्रत स्वतःच्या घरी आहे त्याचे दप्तर कोणाला बंद करता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातील एक प्रसंगही तुलनेसाठी घ्यावा. परकीय चलन नियमन कायद्यानुसार भारतातील भांडवलाचा हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्यास आयबीएम कंपनीने नकार दिला. जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ मध्ये तिने देशातून काढता पाय घेतला. देशातील संगणक त्या दिवशी बंद पडले नाहीत. यंत्रे येथेच होती, पंचकार्डे आणि फिती येथेच होत्या आणि देखभालीचे काम सीएमसी या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने अंगावर घेतले. आज तशीच वेळ आली तर काय घडेल?

त्याची चुणूक जुलै २०२५ मध्ये मिळाली. मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. १८ जुलै रोजी युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा रोखल्या. पूर्ण पैसे भरलेले असतानाही स्वतःच्याच माहितीपर्यंत पोहोचता येत नाही, अशी तक्रार घेऊन ही कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. बड्या तेल कंपनीचा कैवार घेण्याचे येथे काही कारण नाही. परंतु भारताच्या कोणत्याही कायद्याचा भंग झालेला नसताना, भारतातील कंपनीचे दप्तर परदेशातील निर्णयाने एका रात्रीत बंद होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. तिच्यापाशी वकिलांची फौज होती. दारव्ह्याच्या किंवा आर्णीच्या एखाद्या मजूर संघटनेचे खाते बंद झाले तर तिने कोणत्या न्यायालयात जावे? शिवाय अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्यान्वये तेथील कंपन्यांना आपल्या ताब्यातील माहिती, ती जगात कोठेही ठेवलेली असो, तेथील न्यायालयीन आदेशानुसार सादर करावी लागते. हेही विसरता कामा नये.

तथापि परदेशी कंपनीऐवजी सरकारी गोदाम एवढ्यानेही प्रश्न सुटत नाही. दक्षिण कोरियाच्या सरकारने आपल्या अधिकाऱ्यांना कामाचे सारे कागद कार्यालयातील संगणकावर न ठेवता सरकारी क्लाउडवर ठेवण्यास सांगितले होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली आणि त्या साठ्यातील ८५८ टेराबाइट माहिती कायमची नष्ट झाली. तिची दुसरी प्रत कोठेही नव्हती. सुमारे सव्वा लाख कर्मचारी तो साठा वापरत होते. मालकी कोणाची हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, परंतु प्रती किती हा प्रश्न त्याहून कमी महत्त्वाचा नाही.

सामान हलवण्याचा क्रम

दप्तर परत आणण्याचे काम अवघड नाही. घाईने केले तर मात्र ते घातक ठरते. बिऱ्हाड बदलताना नवे घर लावून होईपर्यंत जुन्या घराची किल्ली कोणी परत करत नाही. येथेही तोच नियम पाळावा.

पहिले काम मोजदादीचे. संघटनेचे कागद कोणाकोणाच्या खात्यांत आहेत याची लेखी यादी करावी. जिल्हा सचिवाचे एक खाते, तालुका कार्यकर्त्यांच्या फोनवरील छायाचित्रे, व्हॉट्सअ‍ॅपचे बॅकअप, कोणीतरी दुव्याने वाटलेल्या फाइली हे सारे तीत यावे. वाटलेल्या फाइलीचा मालक दुसराच असतो. त्याने ती पुसली की ती सर्वांच्याच हातून जाते. म्हणून अशा फाइलींची स्वतंत्र प्रत काढणे अगत्याचे आहे.

दुसरे काम सारे कागद खाली उतरवण्याचे. वनड्राइव्हच्या फोल्डरवर उजवे बटण दाबून ‘या यंत्रावर नेहमी ठेवा’ अशा अर्थाचा पर्याय निवडावा आणि सर्व ढग जाऊन हिरव्या खुणा येईपर्यंत थांबावे. गूगलच्या बाबतीत टेकआउट या सोयीने सर्व मजकूर गठ्ठ्यांच्या रूपात मागवता येतो. ते गठ्ठे काही दिवसच उपलब्ध असतात, तेव्हा मागणी करून विसरून जाता येत नाही. गूगलच्या आत लिहिलेले दस्तऐवज यंत्रावर दिसतात ते केवळ दुवे असतात. त्यांचे वर्ड वा पीडीएफ स्वरूपात रूपांतर होऊनच ते हाती येतात. दहा मेगाबिटची अखंड जोडणी असेल तर १५ जीबी उतरण्यास साडेतीन तास पुरतात. जोडणी तुटत असेल किंवा भारनियमन असेल तर हे काम तालुक्याच्या गावी, रात्रीच्या वेळी, थोडे थोडे करून उरकावे.

तिसरे काम दोन स्वतंत्र प्रती करण्याचे. एक बाहेरील हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर. दोन्ही एकाच कपाटात ठेवू नयेत. एक कार्यालयात, एक दुसऱ्या गावी विश्वासू पदाधिकाऱ्याकडे असावी. पेनड्राइव्ह ने-आण करण्यास ठीक, परंतु त्याच्यावर दप्तर सोपवू नये. या प्रतींत लोकांचे आधार क्रमांक, आजाराचे कागद आणि जबाब असतात. म्हणून त्या सांकेतिक कुलपात ठेवाव्यात. व्हेराक्रिप्टसारखे मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठी विनामूल्य मिळते. परवलीचा शब्द बंद पाकिटात, दोन पदाधिकाऱ्यांच्या स्वाधीन असावा.

चौथे काम पडताळणीचे, आणि नेमके तेच टाळले जाते. फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते पाहावे. इंटरनेट बंद करून प्रत्येक फोल्डरमधील पाच-दहा फाइली उघडून पाहाव्यात. मराठी कार्यालयांची येथे एक खास अडचण असते. अनेक वर्षांची निवेदने व याद्या श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टंकलेल्या आहेत. नव्या यंत्रावर तो फॉन्ट नसेल तर ती फाइल उघडते, परंतु पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. तेव्हा जुने यंत्र चालू आहे तोवर ते फॉन्ट काढून घ्यावेत, महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ प्रत करावी आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये आणावा.

त्यानंतरच नव्या यंत्रावर मजकूर चढवावा आणि क्लाउडची जोडणी तोडावी. येथे दोन धोके आहेत. एक असा की समकालन म्हणजे बॅकअप नव्हे. जोडणी चालू असताना जागा मोकळी करण्यासाठी यंत्रावरची फाइल पुसली की ती क्लाउडवरूनही पुसली जाते आणि टोपलीत साधारण ३० दिवसच राहते. म्हणून आधी जोडणी तोडावी, पुसण्याचा विचार पुढचा. दुसरा धोका कुलपाचा. विंडोज ११ ची अनेक नवी यंत्रे आपली डिस्क आपोआप सांकेतिक कुलपात घालतात आणि त्या कुलपाची किल्ली कंपनीच्या खात्यात ठेवतात. ती किल्ली कागदावर उतरवून घेण्यापूर्वी खाते बंद केले, तर पुढे यंत्र अडल्यावर स्वतःचीच डिस्क स्वतःला उघडता येणार नाही. शिवाय बँक, सरकारी संकेतस्थळे आणि इतर सेवा याच ईमेलला जोडलेल्या असतात. म्हणून मजकूर काढून घेतला तरी खाते चालू ठेवावे आणि अधूनमधून उघडावे.

महिना-दोन महिने नव्या व्यवस्थेवर निर्वेध काम झाल्यावर मगच क्लाउडवरील खाजगी स्वरूपाचा मजकूर पुसावा. जुने यंत्र भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्याची डिस्क काढून घेणे हा सर्वांत सोपा उपाय. नुसते पुसलेले कागद जाणकार माणूस पुन्हा वाचू शकतो. दर सहा महिन्यांनी दोन्ही डिस्का लावून तपासणे हेही कामाच्या वाटणीत लिहिलेले असावे.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की ही संगणकविरोधी, मागे नेणारी भूमिका आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला होता आणि कोलकात्यातील इलाको हाउसवर पहारा ठेवला होता. त्यांची तेव्हा हेटाळणी झाली. परंतु यंत्र कोणाच्या मालकीचे आणि कोणाच्या हितासाठी हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. आजचा प्रश्न त्याचाच पुढचा भाग आहे. येथे यंत्राला विरोध नाही. यंत्र आपले असावे आणि त्यातील मजकूरही आपला राहावा, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कार्यालयाला आग लागते, पैनगंगेचा पूर येतो, चोरी होते, डिस्क बिघडते. अशा वेळी क्लाउडवरील प्रतीनेच अनेकांचे कागद वाचवले आहेत, हे मान्य केले पाहिजे. म्हणूनच क्लाउडचा संपूर्ण त्याग करणे प्रत्येकाला आवश्यक नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, हा जाणकारांचा संकेत आहे. ती तिसरी प्रत, सांकेतिक कुलपात बंद करून, क्लाउडवर ठेवण्यास हरकत नाही. आक्षेप आहे तो एकमेव प्रत तेथे असण्याला.

नव्या यंत्राचा खर्चही अटळ आहे असे नाही. विंडोज १० चे पुष्कळसे संगणक लिनक्सवर आणखी काही वर्षे उत्तम चालू शकतात. ही प्रणाली विनामूल्य आहे, तिच्यावर मराठी लिहिता येते आणि लिबरऑफिसमध्ये नेहमीचे सारे काम होते. केरळातील सरकारी शाळा अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालत आहेत. जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याने ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या ४०,००० हून अधिक टपालपेट्या मायक्रोसॉफ्टकडून मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या.

व्यक्तीची खबरदारी पुरेशी नाही

प्रत्येकाने आपापले दप्तर सांभाळावे एवढेच सांगून थांबणे म्हणजे विषबाधेनंतर मजुराला हातमोजे घालण्याचा उपदेश करून थांबण्यासारखे होईल. खबरदारी हवीच, परंतु त्यामागील व्यवस्थेलाही हात घातला पाहिजे. युरोपात २०१८ पासून नागरिकाला आपली माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात परत मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या तेथील नव्या कायद्याने एका क्लाउडवरून दुसरीकडे जाण्यातील अडथळे दूर करण्याचे बंधन कंपन्यांवर घातले असून, स्थलांतराचे शुल्क आकारण्यास १२ जानेवारी २०२७ पासून मनाई केली आहे. भारतात २०१९ च्या विधेयकात माहिती बरोबर नेण्याचा हक्क होता. २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात तो वगळण्यात आला. दुरुस्तीचा आणि पुसून घेण्याचा हक्क दिला, सोबत नेण्याचा दिला नाही. हा हक्क कायद्यात परत आणणे, सरकारी कार्यालयांत व शाळांत मुक्त सॉफ्टवेअरचा वापर करणे आणि ग्रामसभेच्या नोंदींची एक प्रत गावातच ठेवणे सक्तीचे करणे या मागण्या शेतकरी-शेतमजुरांच्या मागणीपत्रात समाविष्ट होण्याजोग्या आहेत.

तोवर प्रत्येक तालुका समितीने पुढील बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. दप्तर कोणाच्या खात्यात आहे ते विचारावे, दोन डिस्कांसाठी पैसे मंजूर करावेत आणि पडताळणीची तारीख व जबाबदार व्यक्ती ठरवावी. हे काम नवा संगणक येण्यापूर्वी आणि जुना चालू असतानाच झाले पाहिजे. कपाशीच्या पुढच्या हंगामात पुन्हा कोणी फवारणीने आजारी पडला, पुन्हा कोणाचा दावा फेटाळला गेला, तर त्याच्या बाजूने बोलणारा कागद त्या दिवशी हाताशी असला पाहिजे.